झोपेची आज्ञा

कुणाला 'ऊठ' म्हटलं तर तो उठू शकतो, 'बस' म्हटलं तर बसू शकतो. 'झोप' म्हटलं तर मात्र फार तर डोळे मिटेल. पुढचं त्याच्या हातात नसतं, सांगणाऱ्याच्या तर नसतंच. तरीही रोज रात्री घराघरांतून ही आज्ञा सुटत असते. स्पॅनिश शिकताना 'दोर्मीर', म्हणजे झोपणे, या क्रियापदाशी मी रेंगाळले ती यामुळेच. इथे हुकूम आणि इच्छा यांच्यात अंतर असं उरतच नाही.

मूळ धातूत साधा 'ओ' आहे. पण 'तू झोप' म्हणताना तो ओ फुटतो आणि 'द्वेर्मे' होतो. (तिथला 'तू' हा आपल्या 'तू'सारखाच उच्चारला जातो, याचा मला अजून आनंद होतो.) 'मी झोपते' म्हणजे द्वेर्मो, 'ते झोपतात' म्हणजे द्वेर्मेन, पण 'आम्ही झोपतो' म्हणायचं झालं की दोर्मीमोस, ओ पुन्हा अखंड. पाठ्यपुस्तकांत अशा बदललेल्या रूपांभोवती रेघ ओढून बुटाचा आकार काढून दाखवतात, आणि मुलं बूट पाठ करतात. मला ही युक्ती पटत नाही. ती डोळ्यांसाठी आहे आणि हा सगळा मामला कानाचा आहे. द्वेर्मेमध्ये आवाजाचा जोर धातूवर येतो. दोर्मीमोसमध्ये तो सरकून 'मी'वर जातो. लॅटिनमधला ऱ्हस्व ओ कास्तील प्रांताच्या बोलीत जोराखाली उघडला, दुहेरी झाला. जोर नव्हता तिथे होता तसाच राहिला. दार म्हणजे प्वेर्ता, पण दारावरचा माणूस पोर्तेरो. नऊ म्हणजे न्वेबे, पण नव्वद नोबेंता. ज्याला पुस्तकं अनियमित म्हणतात ते इतकं नियमानं चाललेलं असतं! आपलं फूल 'फुलाला' होताना ऱ्हस्व होतं, मीठ 'मिठात' होतं, ते कुणी आपल्याला तक्त्यातून शिकवलेलं नसतं.

हा ओ सगळीकडे फुटला असंही नाही. शेजारच्या पोर्तुगीजमध्ये 'दोर्मे' तसंच राहिलं. गोव्यात साडेचारशे वर्षं राज्यकर्त्यांच्या तोंडून जी भाषा ऐकू आली तिला ही मोडतोड ठाऊक नव्हती. 1492 साली नेब्रिहानं कास्तीलच्या भाषेचं व्याकरण छापलं, आणि त्याच वर्षी स्पेनच्या ज्यूंना देश सोडण्याचं फर्मान निघालं. सलोनिका आणि इस्तंबूलला जाऊन वसलेल्या त्या लोकांनी आपली स्पॅनिश शतकानुशतकं घरात जपली. त्यांच्या एका प्रसिद्ध अंगाईचं नावच 'दुर्मे, दुर्मे' आहे. माद्रिदच्या आईचा द्वेर्मे आणि त्यांचा दुर्मे शेजारी ठेवून ऐकले की मधला सगळा समुद्र जाणवतो.

आता नकार. 'झोप' या आज्ञेला स्पॅनिशमध्ये नुसता 'नो' जोडून चालत नाही. 'नो द्वेर्मे' म्हटलं तर 'तो झोपत नाही' एवढंच होईल. आज्ञेसाठी म्हणावं लागतं, नो द्वेर्मास. शेवटचा स्वर बदलला, आणि त्या एका स्वरानं क्रियापद घडणाऱ्या जगातून निघून इच्छेच्या, शंकेच्या, अजून न घडलेल्याच्या जगात गेलं. वडीलधाऱ्यांना, अनोळखी माणसाला 'आपण' म्हणून सांगायचं असेल तर तिथेही तेच रूप, द्वेर्मा. खरी आज्ञार्थी रूपं जवळच्या माणसांसाठी, तीही होकारातच. जिथे मना करायचं किंवा मान राखायचा, तिथे स्पॅनिश माणूस हुकूम सोडत नाही, इच्छा बोलून दाखवतो. आपलंही वेगळं काय? 'झोप'चा नकार 'नको झोप' होत नाही, 'झोपू नकोस' होतो. आणि शुभेच्छा द्यायची असेल तर मराठी ओकारावर येऊन थांबते: झोप लागो, बरं वाटो. पसायदान ज्यांच्या कानात आहे त्यांना या ओकाराचं वजन सांगायला नको.

एका ठिकाणी मात्र दोन भाषांचे रस्ते विरुद्ध दिशांना जातात. 'तू झोपलास की मी दिवा मालवते,' असं आपण म्हणतो. झोप अजून आलेली नाही, तरी मराठी आई ती आल्याचं धरून भूतकाळात बोलते. स्पॅनिश आई म्हणते, 'क्वांदो ते द्वेर्मास', आणि जे अजून घडलेलं नाही ते न घडलेलंच ठेवते. आपल्या वाक्यात भरवसा आहे, तिच्या वाक्यात वाट पाहणं. मला दोन्ही हवीशी वाटतात.

'आपण झोपूया'चं रूप सगळ्यांत निराळं. जोर शेवटाकडे सरकलेला, त्यामुळे ओ परत यायला हवा. 'बोल्बेर', म्हणजे परतणे, या क्रियापदात तो येतोही: बोल्बामोस. पण इथे येतं दुर्मामोस. लॅटिनच्या 'दोर्मिआमुस'मध्ये मागे एक 'इ' होता. त्यानं जाता जाता ओला वर ओढून उ केलं आणि स्वतः नाहीसा झाला. असं वागणारी 'ईर'अंती क्रियापदं अख्ख्या स्पॅनिशमध्ये दोनच, आणि त्यांच्यापासून निघालेली थोडी. एक दोर्मीर, झोपणे. दुसरं मोरीर, मरणे. द्वेर्मा, म्वेरा, दुर्मामोस, मुरामोस. ध्वनीच्या नियमांना अर्थ कळत नाही हे मला मान्य आहे, तरी या जोडीवरून पुढे सरकायला मन तयार होत नाही.

कवी लोर्कानं 1928 साली माद्रिदमध्ये अंगाईगीतांवर व्याख्यान दिलं होतं. मुलाला निजवण्यासाठी स्पेन आपल्या सर्वांत उदास चाली आणि शब्द वापरतो, असं त्याचं निरीक्षण होतं. पाच वर्षांनी रंगमंचावर आलेल्या 'बोदास दे सांग्रे' या त्याच्या नाटकात आई आणि आजी तान्ह्याला निजवत गातात, आणि त्या गाण्यात पुढच्या रक्ताची चाहूल आहे. स्पॅनिश अंगाईत न झोपणाऱ्या मुलाला 'कोको'ची भीतीही घालतात. गोयानं 1799 च्या चित्रमालिकेत हा बुरख्यातला कोको काढला आहे. पोर्तुगीज खलाशांना आपल्या किनाऱ्यावरच्या नारळाच्या तीन डोळ्यांत तोच बागुलबुवा दिसला, आणि फळाला त्याचं नाव मिळालं.

प्रेमानं सांगायचं तर स्पेनमध्ये 'द्वेर्मेते'. अर्जेंटिनात, उरुग्वेत मात्र 'तू'च्या जागी 'बोस' बसलेला आहे. 'तुम्ही झोपा' म्हणायच्या जुन्या 'दोर्मीद'मधला शेवटचा द गळून तिथे एकट्या मुलासाठी 'दोर्मी' झालं. जोर शेवटी, म्हणून ओ शाबूत. पण तीच आई मुलाला जेवता जेवता पेंग आली की म्हणते, 'नो ते द्वेर्मास', आणि स्वर पुन्हा उघडतो. फारच निकड असेल, सूप निवत चाललं असेल, तर ब्वेनोस आइरेसमध्ये 'नो ते दुर्मास' असंही ऐकू येतं: जोर पार शेवटच्या अक्षरावर, आणि धातूत 'दुर्मामोस'मधला तो उ.