बाकी ८२

पतपेढीत पंचवीस वर्षं खतावण्या जुळवल्यामुळे आकड्यांशी आपली ओळख आहे, असा माझा समज होता. परवा भाचीनं लॅपटॉपवर २१४७४८३६४७ ही संख्या टाकली, तिच्यात १ मिळवला आणि उत्तर आलं उणे २१४७४८३६४८.

"अगं, एक रुपया जमा केला की खातं एवढं बुडतं?"

"मामा, अधिक-उणे दोन्ही मोजायचं तर बत्तीस बिटांत याहून मोठी संख्या मावत नाही. पुढं गेलं की मोजणी थेट उण्याच्या टोकाला." मग सहज म्हणाली, "आणि ही मूळ संख्या आहे बरं का!"

दोन अब्जांच्या वरची संख्या, आणि तिला कशानंच भाग जात नाही? रविवारी वही घेऊन बसलो. अंकांची बेरीज ४६, म्हणजे ३ बाद. ७ नं भागलं, बाकी १. ११ नं, पुन्हा १. १३ नं १०, १७ नं ८. चहा निवला. कुठवर भागायचं, विचारलं तर म्हणाली, "वर्गमूळापर्यंत, ४६३४० पर्यंत." तिथवर मूळ संख्या साडेचार हजारांहून जास्त!

मग तिनं लेओनार्ड ऑयलरची गोष्ट सांगितली. ही संख्या मूळ असल्याचं त्यानं १७७२ सालीच दाखवून दिलं होतं, तेही दृष्टी जवळजवळ गेलेली असताना. एवढे भागाकार त्यानं केलेच नाहीत.

संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात, वजा १. समजा, एखादी मूळ संख्या तिला भागते. १ पासून दुप्पट करत जायचं आणि दर वेळी त्या भाजकानं भागून बाकी तेवढी ठेवायची. ३१ पायऱ्यांनी बाकी पुन्हा १ येते. ३१ स्वतः मूळ, त्यामुळे फेरी त्याआधी पुरी होत नाही. फर्माच्या नियमानं, भाजकाहून एकानं कमी इतक्या पायऱ्यांनीही बाकी १ च यायला हवी. म्हणजे तेवढ्या पायऱ्यांत ३१ च्या फेऱ्या पुऱ्या बसल्या पाहिजेत. भाजक विषम, म्हणून त्याला ६२ नं भागलं तर बाकी १ च उरणार. शिवाय ८ नं भागल्यावर १ किंवा ७. याचं कारण भाचीनं दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी मान डोलावली.

या दोन चाळण्यांतून उरतात फक्त ८४ मूळ संख्या. पहिलीच ३११! माझे ७, ११, १३, १७ सगळे फुकट गेले. कशाकशानं भागायचं नाही हे आधी ठरवायचं, एवढं मला पतपेढीत कुणी शिकवलं नव्हतं.

वहीचं नवं पान काढलं. ३११ नं भागलं, बाकी ३५. पुढची थेट १३०३, बाकी २२६. ८४ पैकी २ झाल्या. बाकी ८२.