पगाराची सात तारीख

पुणतांब्यात ऑक्युपेशनल थेरपीचं सेंटर चालवायचं तर आधी उसाचं गणित कळायला हवं. अर्धांगवायूच्या पेशंटला आठवड्यातून तीनदा आणा म्हटलं की घरचे मान डोलावतात आणि म्हणतात, "मॅडम, ऊस गेला की एकदम देतो." देतातही. पण स्टाफला पगार सात तारखेला लागतो, आणि कारखान्याचं बिल काही माझी सात तारीख बघून निघत नाही. शेतमालाच्या भावासाठी १ जून २०१७ला संपावर गेलेलं हे गाव. इथे माझ्या तासाचा भाव सांगताना माझीच जीभ अडखळते.

कमला निंबकरांनी १९५०मध्ये मुंबईच्या केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. आजही माझ्याकडे येणाऱ्या पदवीधर मुली मुंबई-नागपूरकडे शिकलेल्याच असतात. गावाला रेल्वे जंक्शन आहे, त्यामुळे येणं सोपं. जाणंही. लग्न, परदेश, नाहीतर पुण्यातली जास्त पगाराची नोकरी. मी अडवत नाही. त्यांच्या वयात मीही गेले असते.

टिकल्या त्या मदतनीस मावशी. दहावी नापास, खुरपणीच्या रोजंदारीवरून आलेल्या. एका आजोबांची उजव्या हाताची बोटं नीट चालत नव्हती. नव्या थेरपिस्टने लाकडी खुंट्या भोकांत बसवायला दिल्या, तर "मला काय बालवाडीत घातलंय का?" म्हणून आजोबा रुसले. दुसऱ्या दिवशी मावशींनी घरून म्हशीचं दावं आणलं आणि खाटेच्या पायाला बांधायला सांगितलं. आजोबांनी डाव्या हाताने दोर ताणला, उजव्या अंगठ्याखाली पीळ दाबला. सुटला. पुन्हा दाबला. गाठ बसली, तशी मावशींनी ओढून पाहिली. "ही तर रेडकूसुद्धा सोडवील. बांधा परत."

नव्या मुलीला ते झोंबलं. "पेशंट मला सोडून त्यांनाच विचारतात." तिचंही खोटं नव्हतं. खांद्यावर किती ताण द्यायचा, कुठे थांबायचं, हे नोंदणी असलेल्या थेरपिस्टनेच ठरवायचं, सहीही तिचीच. म्हणून आता शनिवारी दुपारी दोघींना समोरासमोर बसवते. मुलगी हालचाल सांगते, मावशी तिला जोडून घरातलं किंवा गोठ्यातलं काम सुचवतात. भांडतातही. त्या तासाची फी कुणी देत नाही.

यंदा मावशींचा पगार वाढवला तेव्हा हिशेब बघणारे आमचे हे म्हणाले, "मदतनिसाला एवढा?" थेरपिस्ट गेली तर जाहिरात देता येते, मावशींसाठी कुठे देऊ, असं मी विचारलं. त्यांनी आकडा खोडला नाही. फक्त एसीचं कोटेशन फाइलमधून काढून ठेवलं.