घाट एक टक्का, हप्ता शंभर टक्के

मराठी घरात नव्या गाडीची बातमी पोचली की पेढ्यांच्या आधी एकच चौकशी होते, 'ॲव्हरेज किती देते?' ऑफिसात मात्र वेगळी जमात. तिथे ॲव्हरेज विचारणं म्हणजे एकदम डाऊनमार्केट. तिथे विचारतात, 'टर्बो ना?' तुम्ही 'नाही' म्हणालात की समोरचा असा काही बघतो, जणू तुम्ही अजून कॅसेटवर गाणी ऐकता. गेले तीन महिने या दोन प्रश्नांमध्ये माझं पार सँडविच झालं होतं.

नोकरी हिंजवडीत आणि आई-आप्पा आणे गावी, असा माझा संसार. जुन्नर म्हटलं की लोकांना शिवनेरी आणि हिरवंगार धरणाचं पाणी आठवतं. आमचं आणे तालुक्याच्या पूर्व टोकाला, कोरड्या पठारावर. पुण्याहून नाशिक रस्त्याने आळेफाटा गाठायचा, तिथून उजवीकडे नगरच्या दिशेला वळायचं. बेल्हे ओलांडलं की गुळुंचवाडी, मळगंगा देवी, तो नैसर्गिक दगडी पूल, मग आणे घाट. घाट चढला की आलं घर. सव्वाशे किलोमीटरच्या आतलाच मामला. गेल्या वर्षी आईची अँजिओप्लास्टी झाली आणि तेव्हापासून महिन्याला एक पुण्याची फेरी ठरलेली. आप्पांच्या मते एसटी झिंदाबाद. एक तर ते स्वतः एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. त्यात 65 च्या पुढच्यांना अर्धं तिकीट आणि 2023 पासून बायकांनाही अर्धं. म्हणजे दोघांचं मिळून एक तिकीट! पण स्टेंट घातलेल्या आईला चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास उभ्या एसटीत बसवणं मला पटेना. शेताकडचा रस्ता खडबडीत, म्हणून कॉम्पॅक्ट एसयूव्ही. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत.

पुढे गाडी अडली ती इंजिनावर. तुम्हीही शोरूमच्या चकरा मारत असाल तर थोडं टेक्निकल ऐकून घ्या, कामाला येईल. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरणारा एक पंखा. तो दुसऱ्या पंख्याला फिरवतो आणि दुसरा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त म्हणजे पेट्रोलही जास्त जाळता येतं, म्हणून छोट्या इंजिनातून मोठ्या इंजिनाची ताकद. आपल्याकडे या फंड्याला टॅक्सचीही फूस आहे. 2006 च्या बजेटमध्ये छोट्या गाड्यांची एक्साइज 24 वरून 16 टक्क्यांवर आली. अट होती चार मीटरच्या आतली लांबी आणि पेट्रोल असेल तर 1200 सीसीपर्यंतचं इंजिन. जीएसटीतही तीच रेघ राहिली. 22 सप्टेंबर 2025 पासून या रेघेच्या आत 18 टक्के आणि बाहेर 40 टक्के. मग कंपन्या काय करणार? सीसी वाढवता येत नाही, तर हवा कोंबा!

आता मारुतीची फ्रॉन्क्स घ्या, कारण तिच्यात दोन्ही इंजिनं मिळतात. साधं 1.2 लिटर 90 पीएसचं, टर्बो 1.0 लिटर 100 पीएसचं. तुम्ही म्हणाल, दहाच पीएसचा फरक? खरी गंमत टॉर्कमध्ये आहे. साध्या इंजिनाचा 113 एनएम टॉर्क पूर्ण मिळायला 4400 आरपीएमपर्यंत इंजिन ओरडवावं लागतं. टर्बोचा जवळपास 148 एनएम 2000 आरपीएमलाच हजर. घाटात ट्रकच्या मागून बाहेर पडताना लागतो तो हा आकडा. आणि मॅन्युअल गिअरचं ॲव्हरेज? कंपनीचा दावा साध्याला 21.79, टर्बोला 21.5. म्हणजे ताकद चक्क फुकट! मी तर तिथेच सही करणार होते.

पण हे आकडे येतात कुठून? वेताळ टेकडीवर आपण पहाटे फिरायला जातो ना, तिथल्या त्या एआरएआयचं नाव जाहिरातीत बारीक अक्षरात असतं. ही टेस्ट रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर उभी करून 1180 सेकंद, म्हणजे वीस मिनिटंही नाही, ठरलेल्या तालात चालवतात. वेग कधीच 90 च्या पुढे जात नाही, एसी बंद, आणि पिकअप असा हळुवार की टर्बोची झोपही मोडू नये. झोपलेला टर्बो म्हणजे काय, तर एक लिटरचं छोटंसं इंजिन. ते पेट्रोल कमीच पिणार. जागा झाला की तो जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल मागतो आणि फारच दामटलं तर इंजिन तापू नये म्हणून वरचं थोडं आणखी घेतो. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेजला तिथेही कात्री. (उसाच्या तालुक्यातली असल्याने याबद्दल मी फार बोलणार नाही. माहेरचा मामला आहे!)

मग ठरवलं, रोलर राहू दे, आपली टेस्ट आपल्या रस्त्यावर. ऑफिसातल्या दोघांच्या गाड्या एकेक आठवडा मागून घेतल्या, एक साधी, एक टर्बो. बदल्यात माझी स्कूटर आणि प्रत्येकी एक बिर्याणी. पंप तोच, टाकी फुल टू टाकी फुल, एसी चालू. आण्याच्या फेरीत साधीने 18 च्या आसपास दिलं, टर्बोने 17. हे तर परवडलं. पण हिंजवडीच्या रांगांमध्ये साधी 14 वर आली आणि टर्बो थेट साडेअकरावर. कारण सोपं आहे. 2000 आरपीएमच्या खाली टर्बो सुस्त, म्हणून पाय थोडा जास्त दाबला जातो. मग तो एकदम जागा होतो, आणि लगेच पुढे ब्रेक. पुन्हा तेच. शनिवारी घाटात मात्र बाईसाहेबांनी कमाल केली. तिसऱ्या गिअरमध्ये, मागे आई-आप्पा, डिकीत बाजरीचं पोतं, आणि कांद्याचा ट्रक कधी मागे पडला कळलंही नाही. साध्या गाडीला त्याच चढणीवर दुसरा गिअर, भरपूर आवाज आणि भरपूर धीर लागला होता. खोटं कशाला बोलू, टर्बो सॉलिड आवडली.

रविवारी रात्री एक्सेल उघडलं. माझे वर्षाचे 12 हजार किलोमीटर. महिन्याला दोनदा आणे म्हणजे साडेपाच हजार, बाकी ऑफिस आणि इकडेतिकडे. पेट्रोल 104 रुपये धरलं. टर्बोचं जादा पेट्रोल वर्षाला बारा हजारांच्या आसपास, महिन्याला हजार. एवढंच? त्यावरून आपण एवढी डोकेफोड करतो? खरा झटका पुढे होता. टर्बोचं मॉडेल मला लाखभराने महाग पडत होतं. एका लाखाचा पाच वर्षांचा हप्ता, 9 टक्क्यांनी, दोन हजारांच्या वर. म्हणजे ॲव्हरेजपेक्षा दुप्पट पैसे कर्जातच जाणार, आणि ते कोणी विचारत नाही. सगळे मिळून महिन्याला तीन हजार. आता दुसरी बाजू. घाटाची चढण पाच किलोमीटर धरली तरी वर्षाच्या 24 फेऱ्यांत ती होते 120 किलोमीटर. बारा हजारांत एक टक्का. चढणीचा प्रत्येक किलोमीटर मला तीनशे रुपयांना पडणार होता!

तरी मन मानेना. त्या एक टक्क्यात आई मागच्या सीटवर असते. रात्री-बेरात्री तिला पुण्याला न्यायची वेळ आली तर? तिथे मी पैसे मोजत बसू? हे सगळं मी आप्पांना फोनवर सांगितलं. एसटीत डिझेलचा हिशोब दर दहा लिटरमागे किलोमीटर असा ठेवतात, त्यामुळे माझे आकडे त्यांनी मनातल्या मनात दहाने गुणले असणार. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, 'अगं, दवाखान्यात जाताना घाट उताराला लागतो. तिथं तुझं टर्बो काय करणार? तिथं ब्रेक बघ.'

मी एवढं एक्सेल केलं, घाटाची दिशाच बघितली नव्हती! आम्ही वर राहतो. घाईच्या वेळी घाट उतरायचा असतो, आणि चढायचा असतो तेव्हा आईला डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलेलं असतं. उताराला हवं इंजिनाचं ब्रेकिंग, म्हणजे खालच्या गिअरमध्ये इंजिनानेच गाडीला धरून ठेवणं. त्यात टर्बोचा काही उपयोग नाही. पुढे बेल्हे ते आळेफाटा ओव्हरटेक करताना टर्बो हाताशी असती तर बरं, हे मला आजही वाटतं. पण आप्पा म्हणतात, ताकद हाताशी असली की ड्रायव्हर नको तिथेही डोकं बाहेर काढतो. अख्खी नोकरी घाटवळणात काढलेल्या माणसाशी मी या विषयावर वाद घालत नाही.

तर साधी गाडी बुक केली. सहा एअरबॅग आणि ईएससी असलेली. ऑफिसातल्या एका मैत्रिणीला मात्र मी टर्बोच घे म्हटलंय. ती दर शुक्रवारी पाच माणसं भरून हायवेने साताऱ्याला जाते, बाकी दिवस मेट्रोने फिरते. तिचं एक्सेल वेगळं आहे.

गाडी आली आणि पहिली मोठी फेरी झाली ती रंगदास स्वामींच्या यात्रेला, आमटी-भाकरीच्या प्रसादाला. गाडीत पाच जण, एसी चालू, घाटात पुढे ट्रक आणि माझा दुसरा गिअर. मागून एक टर्बो हॉर्न देत सुसाट निघून गेली. आईने खिडकीतून बघितलं आणि म्हणाली, 'त्याला आमटी संपायची भीती असंल.' आप्पा रस्त्याकडेच बघत होते. 'तिसरा टाक आता,' ते म्हणाले, 'चढ संपली.'