मुलांसह पहिला विमानप्रवास

प्रवासवर्णनें लिहिणारा मनुष्य बहुधा सडा असतो. एक वळकटी, एक वही आणि मन मानेल तेथें मुक्काम, असा त्याचा थाट. कडेवर वीस महिन्यांचें मूल आणि हातीं धरलेली पांच वर्षांची मुलगी घेऊन निघालेल्या बाईला खिडकीबाहेर पाहावयासहि सवड सांपडत नाहीं. मग लिहिण्याची गोष्ट दूरच. तरीहि गेल्या नाताळच्या सुटींत आम्हीं न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियापर्यंत जो प्रवास केला, त्याची हकीकत लिहून ठेवावी असें मनांत आलें. ज्या घरांतील मुलें-नातवंडें दूर देशीं वाढत आहेत, त्या घरांना ती आपलीच वाटेल अशी आशा आहे.

आमचें बिऱ्हाड न्यू जर्सी संस्थानांतील एडिसन गांवीं. थोरले भावजी आणि जाऊबाई सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकांठीं फ्रीमाँट येथें राहतात. दोघे सख्खे भाऊ एकाच देशांत खरे. पण मध्यें अंतर अडीच हजार मैलांचें, म्हणजे मुंबई-दिल्लीच्या साडेतीनपट. दसऱ्याच्या सुमारास सासूबाई पुण्याहून थोरल्यांकडे आल्या. महिनाभर तेथें राहून मग त्यांनीं आमच्याकडे यावें असा बेत होता. परंतु तेथें त्यांच्या हृदयाच्या दुखण्यानें उचल खाल्ली आणि डॉक्टरांनीं तूर्त प्रवासास मनाई केली.

थोरलीच्या, म्हणजे आमच्या ताईच्या, जन्माच्या वेळीं सासूबाई चार महिने आमच्याकडे होत्या. पण तें तिला कोठून आठवणार? बाळाला तर त्यांनीं अजून मांडीवरहि घेतलें नव्हतें. रोज फोनच्या पडद्यावर आजीचें दर्शन होई. "आजी कोठें आहे?" असें विचारलें कीं बाळ त्या फोनकडे बोट दाखवी. आरंभीं आम्हांला त्याचें कौतुक वाटे. एके दिवशीं तें सासूबाईंच्या दृष्टीस पडलें, तेव्हां त्या हंसून म्हणाल्या, "बरोबरच आहे त्याचें. त्याची आजी त्या डबींतच राहते!" बोलणें थट्टेचें होतें, पण ह्यांनीं त्याच रात्रीं तिकिटें काढलीं.

आम्ही दोघें भारतांतून ह्या देशांत आलों तीं विमानानेंच; परंतु मुलांना घेऊन विमानांत बसण्याचा हा पहिलाच प्रसंग. दोन वर्षांखालील मुलास अमेरिकेंतल्या देशांतर्गत विमानांत आईबापांच्या मांडीवर फुकट नेतां येतें, हें वाचून प्रथम आनंद झाला. सहा तास मांडीवर चुळबुळणारें मूल फुकट पडतें कीं महाग, हें नंतर कळलें! तयारी मात्र मीं कसून केली. तिखटमिठाच्या दशम्या, मेतकूट, खजूर, दुपटीं, कपड्यांचे तीन जोड, रंगीत खडू, एक चिंध्यांची बाहुली. शिवाय सासूबाईंसाठीं उपासाच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी. कृति त्यांचीच. लग्नानंतर पहिल्या वर्षीं त्यांनींच मला शिकविलेली, आणि "अजून साखर कमी पडते हो तुझी" असें दर वर्षीं ऐकविलेली. यंदा तें अगदीं त्यांच्या हातासारखें उतरलें होतें. मोठ्या पेटींत फुटेल ह्या भीतीनें मीं बरणी हातच्या पिशवींत घेतली. चूक झाली ती येथेंच.

विमानांत बरोबर नेण्याचे पातळ पदार्थ शंभर मिलिलिटरहून अधिक नसावेत, असा नियम आहे. मुलांच्या दुधाला व पेजेला त्यांतून सवलत मिळते. लोणच्याला मिळत नाहीं. तपासणीच्या अधिकाऱ्यानें बरणी प्रकाशाकडे धरून सौजन्यानें विचारिलें, "हा मुरंबा आहे काय?" नियम ठाऊक असूनहि घट्ट पाकाचें लोणचें 'पातळ' ठरेल हें माझ्या डोक्यांतच आलें नव्हतें. त्यानें ती शेजारच्या पिंपांत ठेवून दिली. ताई मोठ्यानें म्हणाली, "आई, पण तें आजीचें आहे!" तिला काय उत्तर द्यावें?

त्यावर आणखी भर म्हणून विमान तीन तास उशिरां सुटणार असल्याची वर्दी आली. बाळाला कडेवर घेऊन मोठ्या कांचेशीं येरझारा घालतांना एक गोष्ट आठवली. न्यूअर्कच्या ह्या विमानतळापासून थोड्याच मैलांवर रोझेल नांवाचें गांव आहे. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यासाठीं अमेरिकेस आल्या, त्या प्रथम ह्याच गांवीं कार्पेंटरबाईंच्या घरीं उतरल्या. कलकत्त्याहून न्यूयॉर्कास पोंचावयास त्यांना जवळजवळ दोन महिने लागले. वय अठरा, जवळ घरचें एकहि माणूस नाहीं. घरून निघालेलें पत्र हातीं पडेपर्यंत त्यांतील मजकूर शिळा झालेला. मीं तीन तासांसाठीं तोंड वांकडें करावें, ह्याची लाज वाटली. ताईला जवळ बसवून मीं आनंदीबाईंची गोष्ट सांगितली. तिनें एकच प्रश्न विचारिला, "त्यांची आजी कोठें होती?"

अखेर विमान सुटलें. वर चढतांना बाळ दूध पीत होतें, म्हणून कान दुखले नाहींत. ३६,००० फुटांवर बाहेरची थंडी शून्याखालीं पन्नास अंशांहूनहि अधिक असते आणि हवा इतकी विरळ, कीं उघड्यावर मनुष्य मिनिटभरहि शुद्धीवर राहावयाचा नाहीं. विमानांत हवा दाबून भरलेली असते; पण तीहि जमिनीवरच्यासारखी दाट नसते, सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावी तशी असते. आपली कळसूबाई सुमारें ५,४०० फूट. म्हणजे एका जागीं बसूनहि आपण कळसूबाईच्या माथ्याहून उंच ठिकाणचा श्वास घेत असतों. घशास कोरड पडते, मुलें किरकिरतात, त्याचें एक कारण हें. शिवाय पश्चिमेस जातांना वरच्या थरांतील जोरकस वारा समोरून येतो. म्हणून जावयास सहा तास लागतात. येतांना तोच वारा पाठीशीं असल्यानें पाऊणएक तास वांचतो.

पहिले दोन तास दशम्या, खडू आणि बाहुली ह्यांवर निभावले. पुढें बाळ ह्यांच्या खांद्यावर झोंपलें आणि मला खिडकी मिळाली. खालीं बर्फानें माखलेला सपाट मुलूख पसरला होता आणि त्यावर जणूं पट्टीनें आंखलेले चौकोन. ही आंखणी १७८५ सालच्या कायद्याची. जमीन विकण्यापूर्वीं ती मैल-मैलाच्या चौकोनांत मोजावी असें त्यांत ठरलें. प्रत्येक चौकोन ६४० एकरांचा. रस्ते त्याच रेषांवर पडले. आमच्या कोंकणांतील वांकड्या बांधांच्या खाचरांत वाढलेल्या माझ्या डोळ्यांना तें पाहून नवल वाटलें. तेथें शेत आधीं होतें, मोजणीदार मागून आला. येथें मोजणीदार आधीं आला!

पुढें डोंगर लागले, आणि मग युटा संस्थानांतील खारें सरोवर. त्याच्या मधून रुळांचा दगडी बांध गेला आहे. १९५९ सालीं तो झाल्यापासून दोन्ही बाजूंचें पाणी नीटसें मिसळत नाहीं. उत्तरेकडील भाग अतिशय खारट झाला आणि त्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळें त्यास गुलाबी छटा आली. एका बांधाच्या इकडे निळें-हिरवें पाणी आणि तिकडे गुलाबी! ताई म्हणाली, "मीं रंगविलें तर तूं म्हणशील, असें नसतें."

ह्याच सरोवराच्या उत्तरेस प्रॉमन्टरी येथें १८६९ च्या मे महिन्याच्या १० तारखेस पूर्वेचे आणि पश्चिमेचे रूळ जोडले गेले. त्यापूर्वीं छपरी गाड्यांना बैल जुंपून कुटुंबेंच्या कुटुंबें पश्चिमेकडे निघत आणि चार-सहा महिने वाट चालत. १८४६ सालच्या हिंवाळ्यांत ऐंशींहून अधिक माणसांचा असा एक तांडा सिएरा नेवाडाच्या बर्फांत अडकला. त्यांत मुलेंहि पुष्कळ होतीं. जवळजवळ निम्मीं माणसें दगावलीं. रुळांनीं तोच प्रवास आठवड्याभराचा केला. त्याच लोहमार्गांच्या युगांत पंडिता रमाबाई अमेरिकाभर हिंडल्या आणि १८८८ सालीं सॅन फ्रान्सिस्कोहून जपानमार्गें स्वदेशीं परतावयास निघाल्या; त्यांचें अमेरिकेवरील मराठी पुस्तक १८८९ सालीं प्रसिद्ध झालें. ज्या घाटानें इतक्या आयांचीं मुलें गिळलीं, तो ताईचें एक केळें खाऊन होईपर्यंत मागें पडला. मुलांना चालत नेणाऱ्या त्या बायांपुढें मनोमन हात जोडले.

परंतु परीक्षा माझीहि व्हावयाची होती. उतरतांना विमानांतील हवेचा दाब वाढतो आणि कानाच्या पडद्यावर भार येतो. घसा आणि कान जोडणारी नळी लहान मुलांत अरुंद व आडवी असते. गिळलें म्हणजे ती उघडते. म्हणून उतरतांना मुलास जागें ठेवून कांहीं तरी प्यावयास द्यावें. हें सारें मला ठाऊक होतें. पण इतक्या कष्टानें झोंपलेलें मूल उठविण्याचा धीर झाला नाहीं. शेवटचीं वीस मिनिटें राहिलीं असतां तो किंकाळी फोडून उठला. कान दोन्ही हातांनीं धरलेले, तोंड लाल. दूध घेईना, माझेंहि ऐकेना. लोक वळून पाहूं लागले. तेव्हां ताईनें आपला पेला पुढें केला आणि त्याला दाखवीत स्वतः एक घोट घेतला, मग त्याला एक दिला. पुन्हां आपण एक, त्याला एक. चार-पांच घोटांत रडें थांबलें. खालीं मिठागरांचे तांबडे-तपकिरी वाफे दिसले, मग नुसतें पाणी, आणि आतां पाण्यांतच टेकतों कीं काय असें वाटत असतांनाच चाकें जमिनीस लागलीं.

भावजी न्यावयास आले होते. दारांत सासूबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या. फोनवर दिसत त्याहून पुष्कळच वाळलेल्या. ताईनें आठवणीनें वांकून नमस्कार केला. बाळानें मात्र त्यांच्याकडे टक लावून पाहिलें, ह्यांच्या खिशांतील फोनकडे बोट केलें आणि म्हटलें, "आजी." त्यांनीं हात पुढें करतांच तो माझ्या मानेंत तोंड खुपसून रडूं लागला. जाऊबाई समजूत घालूं लागल्या, तेव्हां सासूबाई म्हणाल्या, "राहूं द्या ग. मीहि त्याला नवीनच आहें." पण त्या लगेच आंत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहींत.

दोन दिवस असेच गेले. भावजींनीं आम्हांला १९३७ सालीं बांधलेला गोल्डन गेट पूल दाखविला. मधल्या एका कमानीचीच लांबी ४,२०० फूट. म्यूर अरण्यांतील गगनास भिडलेले रेडवूड वृक्ष दाखविले. सारें भव्य होतें. पण माझें लक्ष घरीं होतें. आलों होतों तें पूल पाहावयास नव्हे.

तिसऱ्या दिवशीं मीं लोणच्याची कहाणी भीत भीतच सांगितली. सासूबाई म्हणाल्या, "अग, परसांत झाड लदलें आहे, आणि तूं तिकडून बरणी वाहत होतीस?" खरेंच, मागील दारीं पिवळ्याधमक लिंबांनीं वांकलेलें झाड होतें. हें मेयर जातीचें लिंबू. फ्रँक मेयर नांवाच्या संशोधकानें १९०८ सालीं चीनमधून अमेरिकेंत आणलेलें. सासूबाईंनीं एक हुंगून पाहिलें. "गरीब लिंबू आहे, आंबटपणास कमी. ह्याला साखर बेतानेंच घातली पाहिजे," असें म्हणून त्या उन्हांत चौरंगावर बसल्या. ताई लिंबें पुसूं लागली, मी चिरूं लागलें. बाळ लांबून पाहत होतें. हळूहळू जवळ आलें, ताटांतील मिठांत बोट घालून तें चाखलें आणि त्यानें तोंड वाईट केलें. सासूबाईंनींहि मीठ चाखून तसेंच तोंड केलें. तो हंसला. पुन्हां मीठ, पुन्हां तोंड. लिंबें चिरून होईपर्यंत स्वारी आजीच्या मांडीवर बसून तिच्या हातांतील पाटल्या फिरवीत होती. कोणीं कांहीं बोललें नाहीं. हे मात्र उठून झाडापलीकडे गेले.

पडद्यावर रूप दिसतें, आवाज येतो. मिठाची चव, लिंबाचा वास आणि मांडीची ऊब मात्र त्यांतून येत नाहीं, आणि लहान मूल माणसास ओळखतें तें ह्यांवरूनच. त्यासाठीं मुलांना उचलून न्यावें लागतें. ज्यांना शक्य असेल त्यांनीं मुलें मोठीं होण्याची वाट पाहूं नये. कारण तितक्या काळांत आजीहि थांबून राहत नाहीं.

आठ दिवसांनीं आम्ही परतलों. बरणी मुरण्यासाठीं तेथेंच ठेवली. घरीं आल्यावर दुसऱ्या दिवशीं सासूबाईंचा फोन आला. संवयीनें मीं विचारिलें, "बाळा, आजी कोठें आहे?" त्यानें पडद्याकडे पाहिलें, क्षणभर विचार केला, दाराशीं गेला आणि आपले जोडे घेऊन आला.