आजोळचा कान

हुबळीच्या देशपांडे नगरात राहणाऱ्या आम्हां मंडळींना गळा आणि औषधोपचार यांचे नाते नव्याने सांगावे लागत नाही. याच वस्तीत राहिलेल्या गंगूबाई हनगल यांचा आवाज घशावरील उपचारानंतर पालटला. कोवळीक गेली आणि तो धीरगंभीर, पुरुषी वाटणारा स्वर आला. किराणा घराण्याला त्याने श्रीमंतच केले. कानाचे मात्र तसे नाही. उपचाराने हिरावलेले तेथे दुसऱ्या रूपानेही परत येत नाही.

आमच्या काकांना क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने मिळाली. 1943 साली सापडलेल्या या औषधाने त्यांचे प्राण वाचवले, ही कृतज्ञता आम्हांस आजही आहे. पुढे अंधारात चालताना ते भिंत धरू लागले. मग सवाई गंधर्व सभागृहात तंबोऱ्याची जवारी बोथट झाल्याची तक्रार करू लागले. तंबोरे बिचारे निर्दोष होते! हे औषध तोल आणि श्रवण या दोहोंवर घाव घालते, हे अगदी पहिल्या रुग्णांतच डॉक्टरांना दिसले होते. काकांना ते कोणी सांगितले नाही.

आतल्या कानात केसाळ टोकांच्या सुमारे 15,000 पेशी असतात. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. प्रथम मरतात त्या उंच स्वरांच्या, म्हणून साध्या संभाषणात उणीव भासत नाही. उपचारापूर्वी व उपचार चालू असता अतिउंच स्वरांची श्रवणचाचणी घेतली, तर वेळीच मात्रा उतरवता येते किंवा औषध बदलता येते. चिवट क्षयावर कॅनामायसिन वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली सुचवले. परंतु जेंटामायसिन, अमिकासिन, कर्करोगावरील सिसप्लॅटिन यांवाचून आजही चालत नाही.

1993 साली आणखी एक गोष्ट उघड झाली. काही घराण्यांत असा जनुकीय दोष असतो की स्ट्रेप्टोमायसिनच्या जातीच्या औषधाची थोडी मात्राही बहिरेपणास पुरते. आणि तो केवळ आईकडून येतो. मामात तो असला तरी मामाच्या लेकरांत उतरत नाही, मावशीच्या लेकरांत उतरतो. आम्ही कुळ सांगतो ते बापाचे. येथे विचारायचे ते आजोळ.

आमच्या नातीला जन्मतःच जंतुसंसर्ग झाला व जेंटामायसिनची गोष्ट निघाली, तेव्हा विहीणबाईंना आम्ही विचारले, ‘‘आपल्या माहेरी इंजेक्शनानंतर कोणाचे कान गेले होते काय?’’ त्यांना प्रथम राग आला. मग कारवारच्या थोरल्या बहिणीचे नाव त्यांनी हळूच काढले. डॉक्टरांनी दुसऱ्या जातीचे औषध निवडले.