बाहेरकाठ्यापलीकडचे तिवर

शेतीखात्यात जन्म काढलेल्या माणसाला पाखरू म्हटले की पहिली आठवण होते ती गोफणीची. असा मी तिकीट काढून, होडीत बसून पक्षी पाहायला गेलो, हे ऐकून आमच्या विचुंब्यात पुष्कळ जण हसले. तुम्हीही हसा, पण पुढचे वाचा.

ऐरोलीला वनखात्याचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तेथून ठाणे खाडीतले रोहित पक्षी दाखवायला होडी निघते. या खाडीचा भाग २०१५ साली अभयारण्य झाला आणि २०२२ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. फेब्रुवारीत मी तेथे गेलो, तो पनवेल खाडीकाठच्या एका गावच्या तात्यांना आग्रहाने बरोबर घेऊन. त्याला कारण होते.

होडीची वेळ घड्याळावर नसते, भरतीवर असते आणि भरती रोज पाऊणएक तास पुढे सरकते. पाणी चढू लागले तशी आम्ही निघालो. थोड्या अंतरावर चिखलाची कड गुलाबी दिसू लागली. हजारो रोहित! चोच उलटी करून पाण्यात घालायची आणि जिभेने पाणी आतबाहेर करून शेवाळ गाळून घ्यायचे. आपल्या घरच्या चाळणीचेच काम. गुलाबी रंगही त्या शेवाळातला. पिवळा मका खाणाऱ्या कोंबडीच्या अंड्याचा बलक पिवळाधमक होतो ना, तसेच हे. पिल्ले मात्र राखी असतात.

माहिती सांगणारा मुलगा हुशार होता. पण चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या दिसल्या तेव्हा तात्यांनी त्या बिळातून कशा धरायच्या हे सांगायला सुरुवात केली आणि तोच ऐकत बसला.

मग होडी तिवरांच्या कडेने चालली. चिखलातून वर आलेल्या मुळ्यांच्या काड्या दाखवून तो म्हणाला, "या मुळ्या श्वास घेतात, गाळ धरतात, आणि लाटेचा जोर इथेच मोडतो." मी तात्यांकडे पाहिले नाही.

सांगतो. १९९६च्या सुमारास, नोकरीत नवा असताना, मी तात्यांना सल्ला दिला होता की बाहेरकाठ्याला लागून वाढलेले तिवर तोडून टाका. मुळ्यांत चिंबोऱ्या बिळे करतात आणि बांध पोखरतो, असा माझा हिशेब. बिळांचे खरे होते. लाटेचा हिशेब मी केलाच नव्हता. तात्यांनी तिवर तोडले, जळणाला नेले. तीन-चार पावसाळ्यांत उधाणाने बांध खात आणला आणि एका रात्री खांड पडली. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राची 'पनवेल' जातीची भाते थोडा खार सोसतात. पण रोज दोन वेळा भरती आत येऊ लागली तर कोणते भात टिकणार? खांड वेळेवर बुजली नाही. बुजवायला पूर्वीसारखी जोळाची माणसेही उरली नव्हती. जो तो कारखान्यात. शेतात तिवर रुजले.

आता ते तोडता येत नाहीत. उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभर तिवरतोडीला बंदी केली, मग जमीन कोणाचीही असो. म्हणून ज्यांचे खार अजून पिकते आहे त्यांना सांगतो: खांड पडली तर त्याच हंगामात बुजवा, अर्जाच्या उत्तराची वाट पाहत दोन पावसाळे घालवू नका. आणि बांधाबाहेरच्या तिवराला हात लावू नका.

परतीच्या वाटेवर मी तात्यांना म्हणालो, "तात्या, तेव्हा माझे चुकले."

"तुमी नवं होता, सायेब," तात्या म्हणाले. "आनि कोयता तर माझ्याच हातात होता ना?"

बराच वेळ कोणी बोलले नाही. पनवेल जवळ आले तेव्हा त्यांनी विचारले, "हे पक्षी माझ्या खारात बी येत असतील का ओ?"

"रोहित नाही सांगता येत. शेकाटे, बगळे, तुतवार नक्की."

"मग पुनवेच्या उधानाला या घरी. तिथं तिकीट नाय."