हिनं वाकायचं कसं?

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. भाचीच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं आणि तिला वेशभूषा स्पर्धेत अंतराळवीर व्हायचं होतं. वय वर्षे दहा. वर्गात जिजाऊ आणि झाशीच्या राण्या मिळून सहा जणी आधीच झाल्या होत्या, त्यामुळे बाईंनीही लगेच होकार दिला. माझ्या बहिणीने मोबाईलवरून पोशाख मागवला.

खोक्यातून जे निघालं ते असं: चंदेरी चकचकीत कापड, कमरेत घट्ट, खाली गुडघ्याच्या बऱ्याच वर संपणारा झालरीचा स्कर्ट, छातीवर गुलाबी तारा. पाकिटावर शेजारीच मुलाच्या पोशाखाचं चित्र होतं. सैलसर अखंड सूट, मांड्यांवर दोन मोठे खिसे, कमरेला हत्यारं अडकवायचे पट्टे. दोन्हींवर नाव मात्र एकच, अंतराळवीर.

आईने तो हातात घेतला आणि सगळ्यात आधी उलटा केला. ती कुठलाही कपडा आधी उलटाच करते. शिवण ओढून बघितली, मार्जिन बघितलं, आणि म्हणाली, "का गं, ह्यात हिनं वाकायचं कसं?"

ज्यांना आमच्या घरची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आणि शेंगाचटणी आठवते, पण या गावात शाळांचे गणवेशही प्रचंड शिवले जातात. इथले युनिफॉर्म परराज्यांतसुद्धा जातात. आमचंही छोटंसं युनिट आहे. आईने चाळीस वर्षं मशीन चालवली, बाबा कटिंग बघायचे, आता हिशेब आणि ऑर्डरी मी बघते. त्यामुळे कपडा पाहिला की आमच्या घरात तो छान दिसतो का हे कोणी आधी विचारत नाही. हात वर होतो का, खाली बसता येतं का, धुतल्यावर टिकेल का, हे विचारतात. आईचा प्रश्न त्यातलाच होता. माझ्या मात्र तो डोक्यातच बसला आणि एकदम लहानपणीचा रविवार आठवला.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं. अमेरिकेत ती मालिका 1966 ते 1969 या काळात झाली, आपल्याकडे पोचेपर्यंत जुनी झाली होती, पण आम्हाला काय त्याचं! इंग्रजी ओ की ठो कळायचं नाही. मला त्यात एकच व्यक्ती बघायची असायची, लेफ्टनंट उहुरा. यानाच्या मुख्य कक्षात बसलेली, कानात काहीतरी खोचलेली, दूरच्या ताऱ्यांवरून आलेले निरोप ऐकणारी. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाईट. तिचा ड्रेस लाल आहे हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

एका रविवारी काका आले. दोन मिनिटं उभे राहून पाहिलं आणि म्हणाले, "बंद कर गं ते. काय ते उघडे पाय!" मी बंद केलं. खरं सांगायचं तर तोपर्यंत मी तिचे पाय पाहिलेच नव्हते. त्यानंतर मात्र दुसरं काही दिसेना. पुढच्या रविवारी कोणी यायच्या आत मीच चॅनेल... चॅनेल कुठली, एकच होतं. मीच टीव्ही बंद करून टाकला. आपलं काहीतरी चुकत होतं असं वाटत राहिलं. (काका आता नाहीत. चुलतभाऊ हे वाचणार हे मला माहीत आहे, त्याने रागावू नये. :) )

भाचीच्या पोशाखानंतर मी ती जुनी मालिका पुन्हा बघायला घेतली, आणि बघता बघता तिच्याबद्दल वाचतही गेले. मजेशीर गोष्टी हाती लागल्या.

पहिली म्हणजे, 1964 साली या मालिकेचा पहिला पायलट भाग चित्रित झाला तेव्हा यानावरच्या बायका चक्क पँटमध्ये होत्या. कॅप्टनखालोखालची अधिकारीही एक बाईच होती. वाहिनीने तो भाग नाकारला. दुसऱ्या पायलटमध्ये ती अधिकारी गेली, पँट तेवढी शिल्लक होती. 1966 मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा पँटही गेली आणि तोकडे फ्रॉक आले. म्हणजे बाईने तेविसाव्या शतकात काय घालावं याची साधी, सरळ कल्पना आधी सुचलेली होती. ती नंतर कापली गेली.

दुसरी गोष्ट वेशभूषाकाराची. विल्यम वेअर थाइस त्याचं नाव. पाहुण्या नट्यांसाठी तो जे पोशाख करायचा त्यावरून त्याच्या नावाने एक सिद्धांतच प्रसिद्ध आहे: कपड्यातून किती अंग दिसतं यापेक्षा तो आता सुटतो की काय असं किती वाटतं, त्यावर त्याचं आकर्षण ठरतं. हे मी आईला सांगितलं. ज्या बाईचं सगळं आयुष्य शिवण उसवू नये म्हणून गेलं तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की बस! "मग त्याला शिंपी कशाला म्हणायचं?" असं म्हणून ती शेंगा निवडायला लागली.

पण गोष्ट इतकी सोपीही नाही. त्याच मालिकेतल्या नट्यांनी पुढे सांगितलंय की त्यांना तो तोकडा फ्रॉक अपमानाचा वाटला नव्हता. साठच्या दशकात मिनीस्कर्ट ही तरुण मुलींनी आईच्या पिढीला न विचारता घेतलेली मोकळीक होती. उहुराचं काम करणाऱ्या निशेल निकोल्स यांना पहिल्या वर्षानंतर मालिका सोडायची होती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी भेटून थांबवलं, असं त्या स्वतः सांगायच्या. एक कृष्णवर्णीय बाई अधिकारी म्हणून, बरोबरीने, पडद्यावर दिसते आहे याचं मोल त्यांना कळत होतं. तोच फ्रॉक, तीच बाई. किंगना तिची खुर्ची दिसली. आमच्या काकांना पाय दिसले. आणि कॅमेऱ्यालाही बऱ्याचदा पायच दिसत होते! म्हणजे लाज वाटणारे काका आणि दाखवणारे निर्माते एकाच जागी पाहत होते. ती तिथे बसून काय काम करते हे दोघांनीही विचारलं नाही.

आपली एक मुलगीही या जगात जाऊन आली होती. मुंबईची पर्सिस खंबाटा. 1965 ची मिस इंडिया. 1977 मध्ये 'स्टार ट्रेक'ची नवी मालिका काढायचं ठरलं तेव्हा तिची निवड झाली होती. मालिका बारगळली आणि त्याचा 1979 मध्ये सिनेमा झाला. यानाची दिशा बघणारी अधिकारी इलिया, संपूर्ण डोकं भादरलेली. सौंदर्यस्पर्धा जिंकलेल्या मुलीने केस उतरवायचे म्हणजे केवढं धाडस! सिनेमात पुढे एक परकी शक्ती इलियाला नाहीशी करते आणि तिच्या रूपात एक यंत्र यानावर पाठवते. आता यंत्राला कपड्यांचं काय? पण त्या यंत्राला मिळाला आखूड पांढरा झगा आणि उंच टाचांच्या चपला. यंत्राला टाचा कशाला, हे मला अजून कळलेलं नाही. पर्सिस 1998 मध्ये मुंबईत वारली. एवढ्या लांब पोचलेली आपल्याकडची मुलगी, पण तिच्याबद्दल बोलताना लोक तिचं डोकं आणि तो झगा यापलीकडे फारसे जात नाहीत.

पुढच्या मालिकांतही हेच. 1987 मध्ये सुरू झालेल्या मालिकेत सुरुवातीला मागे फिरणाऱ्या काही पुरुषांनाही स्कर्टचा गणवेश दिला होता. बरोबरी म्हणून! थोड्याच दिवसांत तो गुपचूप गायब झाला. धोतर-लुंगीच्या देशातल्या आपल्याला त्यात काय विशेष, पण तिथे ते कोणाला बघवलं नसावं. त्याच मालिकेतली समुपदेशक डिएना ट्रॉय मात्र कितीतरी वर्षं गणवेशाऐवजी अंगाला चिकटलेल्या, खोल गळ्याच्या पोशाखात वावरली. 1992 च्या एका भागात नवा कॅप्टन येतो आणि तिला नेहमीचा गणवेश घालायला सांगतो. मरिना सर्टिस या नटीला त्याचा आनंदच झाला. गणवेश आल्यावर आपल्या पात्राला अक्कलही परत मिळाली, अशा अर्थाचं ती नंतर बोलली आहे. 1997 मध्ये 'व्हॉयेजर'मध्ये आलेली सेव्हन ऑफ नाइन हे तर किती चांगलं लिहिलेलं पात्र! यंत्रांच्या जमावातून सुटून पुन्हा माणूस होऊ पाहणारी. पण तिला दिला कातडीसारखा घट्ट सूट. त्या सूटमध्ये श्वास घेणं अवघड, आणि बाथरूमला जायचं तरी मदत लागायची, असं जेरी रायनने सांगितलंय. त्या यानाची कॅप्टन एक बाईच होती, आणि ती पूर्ण गणवेशात होती, हेही सांगायला हवं.

याउलट खरं अंतराळ बघा. कल्पना चावला 1997 मध्ये गेली, 2003 मध्ये गेली. तिचा नारिंगी सूट शेजारच्या पुरुषाच्या सूटसारखाच. पण तिथेही मापाचं दुखणं आहेच. मार्च 2019 मध्ये दोन बायका मिळून यानाबाहेर चालणार होत्या. दोघींना मध्यम मापाचा सूट हवा होता आणि वापरायला तयार एकच निघाला. बेत बदलावा लागला. शेवटी 18 ऑक्टोबर 2019 ला तो स्पेसवॉक झाला. बातमी वाचून मला हसू आलं होतं. मापं आधी नीट घेतली नाहीत की काय होतं हे आम्हाला विचारा!

इथपर्यंत मी फार रागात होते आणि हा लेख इथेच संपणार होता. आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "सगळं खरं आहे की. पण तो खिसा विसरलीस काय?"

विसरले नव्हते. लिहायचं नव्हतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका शाळेची मोठी ऑर्डर आली होती. मुलांना पँट-शर्ट, मुलींना ट्युनिक. आईने नमुन्यात बाजूच्या शिवणीत खिसा दिला होता. रेट खाली आणायचा होता. मीच सुचवलं, मुलींचा खिसा काढू. कापड वाचतं, मजुरी वाचते, आणि ट्युनिक कसं सपाट, छान पडतं. मुलांचे तिन्ही खिसे तसेच ठेवले. ते काढायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. ऑर्डर आम्हाला मिळाली. बाबांनी पेढे आणले.

पुढच्या वर्षी मापांसाठी त्या शाळेत गेले. मधली सुट्टी होती. सातवी-आठवीतली एक मुलगी वर्गातून बाहेर आली, मूठ घट्ट मिटलेली, मुठीवर रुमाल गुंडाळलेला, हात पोटाशी धरलेला. भिंतीच्या कडेकडेने बाथरूमकडे गेली. मला लगेच कळलं. कुठल्याही बाईला कळेल. तिच्याकडे ठेवायला जागा नव्हती आणि ती जागा मी कापली होती, ट्युनिक छान पडावं म्हणून. त्या दिवशी मी मापं घेतली आणि कोणाशी न बोलता घरी आले.

हॉलीवुडच्या निर्मात्यांना मी कितीही बोलले तरी माझं गणित त्यांच्यापेक्षा फार वेगळं नव्हतं. आधी बघणाऱ्याला काय बरं दिसेल, मग जमलं तर घालणारीचा विचार. तेव्हापासून मुलींच्या गणवेशात खिसा धरूनच आम्ही रेट सांगतो. एक-दोन शाळांनी याच कारणाने ऑर्डर दुसरीकडे दिली. पण जुनी ट्युनिकं काही परत आणता येत नाहीत.

असो. भाचीचं काय झालं ते सांगायचं राहिलंच. चंदेरी पोशाख परत गेला. आईने युनिटमधल्या उरलेल्या जाड नारिंगी कापडातून दोन दिवसांत सूट शिवला. डोळ्यांना आता सुईत दोरा दिसत नाही, तो मी ओवून दिला. पुढे चेन, गुडघ्याला जादा कापड, आणि खिसे किती म्हणाल तर सहा! भाचीने आरशासमोर उभं राहायच्या आधी खाली बसून, वाकून, एक पाय खुर्चीवर ठेवून पाहिलं. मग म्हणाली, "आजी, एवढ्या खिशांत ठेवू काय?"

"ठेव की काहीही. तुझे आहेत."

बक्षीस झाशीच्या राणीला मिळालं. सूट मात्र भाची अजून घालते, सुट्टीच्या दिवशी, गच्चीवर. परवा धुवायला काढला तेव्हा एका खिशात खडू निघाला, दुसऱ्यात दोन रुपयांचं नाणं आणि अर्धी चिक्की. मुंग्या लागल्या होत्या. :)